खाडीतली अर्धी अभिक्रिया

वेळण्याच्या समुद्रात दगड वाढायला लागून सहा वर्षं होऊन गेली होती. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला ती भिंत दाखवायला हमखास नेलं जाई. ओहोटीला तिचा माथा उघडा पडायचा, पांढुरका, खरबरीत, शेवाळाने माखलेला. ती कुणी बांधलेली वाटायची नाही, आणि खरंच कुणी बांधलेली नव्हती. पोलादी जाळी पाण्यात उभी करून तिच्यातून मंद विद्युतप्रवाह सोडलेला होता. समुद्राच्या पाण्यातला चुना आपण होऊन त्या जाळीवर बसत गेला. लाटेने एखादा टवका उडवला तर काही महिन्यांत तिथे नवा दगड धरायचा. जखमेवर खपली धरते तसा.

वेळण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या हर्षला कुबलला याहून सोयीचं उदाहरण कुठे मिळणार? रेडॉक्स म्हटलं की बारावीच्या मुलांना घाम फुटे. इलेक्ट्रॉन कोण देतो, कोण घेतो, आणि दोन्हीकडचं जुळवायचं कसं, यात ती हटकून अडकत.

"पूर्ण समीकरणाकडे आधी बघूच नका," हर्षला म्हणायची. "त्याचे दोन भाग करा. इलेक्ट्रॉन ज्याने घेतले त्याचं क्षपण झालं. ज्याने दिले त्याचं ऑक्सिडीकरण झालं. एकेक अर्धी अभिक्रिया वेगळी लिहा आणि मग एकत्र करा. आता आपली भिंत बघा."

आणि ती फळ्यावर लिहायची:

2H₂O + 2e⁻ → H₂ + 2OH⁻

"पाण्याने जाळीकडून इलेक्ट्रॉन घेतले. हायड्रोजनचे बुडबुडे उडून गेले, मागे अल्क, म्हणजे अल्कली, राहिला. अल्क वाढला की पाण्यातला चुना विरघळलेला राहू शकत नाही, जाळीवर बसतो. तुमच्या घरासमोरचा दगड तो हाच. पण हे इलेक्ट्रॉन कुणीतरी दिले असणारच ना?" मग ती खाली दुसरी अर्धी लिहायची:

2Cl⁻ → Cl₂ + 2e⁻

"मिठातला क्लोराइड इलेक्ट्रॉन देतो आणि त्याचा क्लोरीन होतो. हे होतं केबलच्या दुसऱ्या टोकाला, धनाग्रावर. ते आपल्याकडे बाहेर खोल समुद्रात सोडलंय. तिथे पाणीच एवढं आहे की कुणाला काही कळतसुद्धा नाही."

मुलं दोन्ही ओळींची बेरीज करत, इलेक्ट्रॉन दोन्हीकडून खोडत आणि उत्तर बरोबर आलं म्हणून खूश होत.

भिंत येण्याआधी वेळण्याने वाईट दिवस पाहिले होते. एका वादळात खालची आळी निम्मी वाहून गेली. हर्षलाचे सासरे त्यातच गेले. सापडले ते चौथ्या दिवशी, पार दुसऱ्या गावच्या किनाऱ्यावर, पुळणीत. त्यानंतर तिचा नवरा विश्राम मासेमारी सोडून भिंतीच्या प्रकल्पात कामाला लागला. प्रवाह किती सोडायचा, कुठे जाळी उघडी पडली, कुठे दगड पातळ झाला, हे बघणं त्याचं काम. त्याला ते काम मनापासून आवडे. हर्षलाची आणि त्याची ओळख कोल्हापूरला कॉलेजात झालेली, त्यामुळे आपसात दोघं अजून पुस्तकी मराठीच बोलत आणि सासूबाईंना त्याचं हसू येई. मूलबाळ नव्हतं. घरात तिघंच, पण घर हसतं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी हर्षलाचा भाऊ गुरुनाथ आला. तिचं माहेर खाजणवाडी, डोंगराच्या पलीकडे खाडीकाठी. गुरुनाथ तिथे कालवं वाढवी. पाण्यात बांबूंचे मांडव, त्यांना लटकवलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर चिकटून वाढणारी कालवं. तो आला की बहिणीसाठी टोपलीभर कालवं आणी. त्या दिवशी मात्र त्याच्या हातात एक लहानशी पिशवी होती.

"बाय, ह्यां बघ जरा," तो ओट्यावर बसत म्हणाला. "तू शिकलंस, तुका कळतला."

हर्षलाने पिशवीतलं एक कालव उचललं. शिंपला हाताला खडूसारखा लागला. तिने अंगठा जरा दाबला मात्र, शिंपला बिस्किटासारखा मोडला.

"दोन म्हयने झाले," गुरुनाथ सांगत होता. "आधी बारकी मरली, आता मोठी मरतत. पाण्याक वास येता. नळाच्या पाण्याक येता ना, तसो."

हर्षलाचा हात तिथेच थांबला. "खंयच्या बाजूची ही, दादा?"

"तिवरांच्या मागली. गणपतीनंतर थंय प्रकल्पवाल्यांनी काय तरी खांब मारल्यानी. आमी म्हटला पुलाचां काम आसात."

तिला पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. चुन्याचा शिंपला आम्लात विरतो, आणि नळाच्या पाण्याचा वास क्लोरीनचा. गणपतीनंतर कितीतरी वेळा तिने वर्गात ती दुसरी ओळ फळ्यावर लिहिली होती.

गुरुनाथ गेल्यावर ती विश्रामपाशी आली. तो मागच्या पडवीत जाळं विणत होता. मासेमारी सुटली तरी हाताची सवय सुटली नव्हती.

"धनाग्र आता कुठे आहे रे?"

विश्रामने वर पाहिलं. पिशवी तिच्या हातातच होती.

"बाहेरची केबल दोनदा तुटली वादळात," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा टाकायला कुणी तयार होईना. म्हणून आडोशाला घेतलं. खाडीत."

"खाजणवाडीच्या खाडीत."

"हो."

"आणि मला बोलला नाहीस."

"बोललो असतो तर काय केलं असतंस?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "आमचे अभियंता तोडणकरसाहेब म्हणाले, भरती-ओहोटीने पाणी बदलत राहतं, सगळं धुऊन जाईल. मलाही धुऊन जाईल असंच वाटायला हवं होतं, हर्षला. म्हणून वाटलं."

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेतलं आम्लता मोजायचं यंत्र पिशवीत घालून माहेरी गेली. तिवरांच्या मागे पाण्यात राखाडी खांबांची रांग उभी होती, आणि त्यांच्या आसपासच्या तिवरांची पानं उन्हात वाळत टाकलेल्या कापडासारखी विटली होती. गुरुनाथ होडी धरून उभा राहिला आणि ती वाकून पाणी मोजत राहिली. आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त, आणि खांबांपाशी तो पार घसरला होता. पहिल्या मांडवापाशी थोडा वर आला, शेवटच्या मांडवापाशी आणखी थोडा. पुरेसा कुठेच नव्हता.

होडीतच बसून तिने भावाला समजावलं. क्लोरीन पाण्यात मिसळला की त्यातून दोन आम्लं होतात. एक शिंपला विरघळवतं, दुसरं आतला जीव मारतं. नळाच्या पाण्यातले जंतू मारायला वापरतात तेच ते. तिकडे भिंतीवर जितका दगड धरेल तितकं आम्ल इकडे सुटणार. त्यात कमी-जास्त होऊ शकत नाही, कारण तिकडे घेतलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन इथेच कुणीतरी दिलेला असतो.

गुरुनाथने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमची भित आमची कालवां खाता."

"तसा थेट नाय, दादा..."

"तसाच ता." मांडवाची एक दोरी वर ओढून त्याने तिच्यासमोर धरली. तिच्यावर रिकामे शिंपले लोंबत होते. "बंद करूक सांग त्यांका. तुझो घोव थंयच कामाक आसा."

"बंद केली तर पावसात वेळणे रवाचा नाय."

"आणि चालू ठेवली तर?"

हर्षलाने खाडीकडे पाहिलं. तिचं लहानपण या पाण्यात गेलं होतं. आई वारली तेव्हा ती सातवीत होती. तेव्हापासून गुरुनाथने कालवं फोडून, विकून तिला शिकवलं. कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून ती रसायनशास्त्र शिकली ती याच मांडवांच्या जिवावर.

वेळण्याच्या शाळेत सभा बोलावली गेली. प्रकल्पाचे अभियंता तोडणकर आले. माणूस प्रामाणिक होता; त्यांनी काही लपवलं नाही. बाहेरची केबल पुन्हा टाकायची तर पावसाळा संपल्यावर, आणि त्यालाही वर्ष-दीड वर्ष लागणार. तोवर दोनच वाटा. प्रवाह चालू ठेवायचा किंवा बंद करायचा.

हर्षला उठून बोलली. वर्गात बोलायची तसं, सावकाश. खाडीत काय चाललंय ते तिने सांगितलं, कालवं दाखवली. कुणी तिला मध्ये तोडलं नाही. बोलून झाल्यावर खालच्या आळीतले, जन्मभर होडी चालवलेले एक म्हातारे तांडेल म्हणाले, "पोरी, खाजणवाडीत कोण मेला?"

"कोण नाय, काका."

"हयसर मेले."

ते एवढंच बोलून खाली बसले. हर्षला उभीच राहिली. खोलीतल्या प्रत्येकाच्या घरात वादळात गेलेल्या कुणाचा तरी फोटो भिंतीवर लागलेला होता आणि तिच्याही घरात होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून तिच्या सासूबाई उठल्या. त्या सभेत कधी बोलत नसत. पदर खांद्यावर ओढून त्या म्हणाल्या, "हिचां म्हायर आसा थंय. त्यांच्या पोटावर पाय देवन आमी कसा जगाचा? पुरो चालू नको, पुरो बंद नको. अर्धो करा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. माना हलल्या. कुणाच्याच मनाला ते टोचलं नाही. तोडणकरांनीही सुटल्यासारखा श्वास सोडला. हर्षलाला तेव्हाच कळलं होतं की अर्धा प्रवाह म्हणजे अर्धं नुकसान असं जिवंत प्राण्यांच्या बाबतीत होत नाही. शिंपल्याला किती आम्ल सोसवतं याची एक हद्द असते. ती ओलांडली की थोडं ओलांडलं काय अन् फार ओलांडलं काय, शिंपला विरघळतोच. हे तिने बोलायला हवं होतं. पण सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, इतक्या मायेने, की तिची जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामने स्वतःच्या हाताने प्रवाह निम्म्यावर आणला. घरी येऊन तो म्हणाला, "केलं." आणि जाळं घेऊन पडवीत जाऊन बसला.

मार्चमध्ये आम्लता थोडी उतरली. एप्रिलमध्येही कालवं मरतच राहिली. मे महिन्यात हर्षला माहेरी गेली तेव्हा गुरुनाथ मांडव सोडवत होता. ती पाण्यात उतरली आणि बांबू धरायला लागली. दिवसभर दोघांनी मिळून मांडव मोडला, बांबू काठावर रचले.

"गोव्याक एका बोटींच्या कारखान्यात काम गावला," संध्याकाळी पाय धुताना तो म्हणाला. "रंग लावचा."

"दादा, माझ्यावर राग धरू नको."

"राग कसलो गो? तू सांगलंस ना सगळ्यांका. अर्धो तरी केल्यानी." तो हसला, त्या हसण्याकडे तिला बघवलं नाही. घराला कुलूप लावून त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली.

ऑगस्टच्या अमावस्येला मोठी उधाणाची भरती होती आणि दोन दिवस समुद्र फुगलेला होता. दुपारी कॉलेज लवकर सोडलं. हर्षला घरी पोचते तोच उत्तरेकडून एक आवाज आला, मोठं झाड मुळासकट उपटावं तसा. भिंतीच्या त्या टोकाला मागच्या वर्षी एक भेग गेली होती. दगड धरून ती सांधत आली होती. ती उघडली, आणि जाळी तिथून उसवत गेली.

विश्राम त्या वेळी त्या उत्तर टोकापाशी, प्रकल्पाच्या खोलीत होता. तिथून तो सरळ वर, डोंगराकडे, निघून जाऊ शकला असता. तो खालच्या आळीत गेला. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना त्याने पाठीवर घेऊन वर आणलं, त्यात ते म्हातारे तांडेलही होते. त्यांना देवळाच्या पायरीवर बसवून तो पुन्हा खाली उतरला, कारण कुणीतरी सांगितलं की मयेकरांची म्हातारी अजून आत आहे. ती आधीच दुसऱ्या वाटेने वर आली होती. तो आळीत असतानाच दुसरी लाट आत शिरली.

तो दुसऱ्या दिवशी सापडला, आपल्याच गावच्या पुळणीवर. सासूबाई त्याच्यापाशी बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ह्यो लांब नाय गेलो."

गुरुनाथ गोव्याहून आला, खांदा दिला, आणि तेराव्यापर्यंत राहून परत गेला.

वेळणे समुद्रकाठावरून उठलं. प्रकल्पाने प्रवाह पूर्ण बंद केला. मोडक्या भिंतीवर कुणाला आता काही वाढवायचं नव्हतं. डोंगरावरच्या सड्यावर, जांभ्या कातळावर, पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. हर्षला आणि तिच्या सासूबाईंना त्यातली एक मिळाली.

लोक तिच्याशी वाईट वागले नाहीत. पाण्याच्या टाकीवर बायका तिला पुढे जाऊ देत. पण ती आली की बोलणं थांबे. प्रवाह निम्मा कुणामुळे झाला हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विश्राम कुणाकुणाला पाठीवर घेऊन आला होता तेही. दोन्ही एकाच वेळी मनात धरायचं म्हणजे माणसाला गप्पच बसावं लागतं.

हर्षलाने आकडेमोड केली होती. न करून ती राहू शकली नसती. पूर्ण प्रवाहाला वर्षभरात बोटाच्या पेरापेक्षाही कमी दगड धरतो. फेब्रुवारी ते ऑगस्ट निम्मा प्रवाह, म्हणजे भेगेत जेमतेम अर्ध्या नखाएवढा दगड कमी पडला. तोडणकरही तेच म्हणाले होते: "मॅडम, ती लाट पूर्ण भिंतीलाही झेपली नसती. मनाला लावून घेऊ नका." कदाचित ते खरं असेल. पण त्या तेवढ्याशा दगडाने भेग धरून ठेवली असती की नसती, निदान विश्राम दुसऱ्यांदा वर येईपर्यंत, ते कुठल्याच गणितातून निघत नव्हतं. तिने वेगवेगळ्या तऱ्हेने करून पाहिलं. शेवटी तिने ते सोडून दिलं आणि कॉलेजात रजा टाकली.

सासूबाई तिला काही बोलल्या नाहीत. कधीच नाहीत. त्या सकाळी उठत, चूल पेटवत, दोघींचा भात लावत. त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं, की माझ्या पोराने तुझ्यासाठी तो प्रवाह कमी केला, तर हर्षलाला बरं वाटलं असतं. पण अर्धा करा हे शब्द त्यांचेच होते, आणि त्याही ते विसरल्या नसाव्यात. पत्र्याच्या त्या खोलीत दोघी एकमेकींना जपत राहत होत्या, ताप आलेल्या माणसाच्या उशापायथ्याशी वावरावं तशा.

दिवाळी होऊन गेली. थंडी पडली. एका सकाळी गुरुनाथ सड्यावर आला. डोंगर चढून आल्याने त्याला धाप लागली होती. खोलीबाहेरच्या दगडावर बसून तो पाणी प्यायला. सासूबाई दारात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या.

"बाय, तुका घेवक इलंय," तो म्हणाला. "तुझ्या सासूक पण घेवन चल. पत्र्यात किती दिवस काढतल्यात? घर उघडलंय मी. गोव्याचां काम सोडलंय."

"सोडलंस? कित्याक?"

त्याला ते सांगायचं होतं म्हणूनच तो एवढा डोंगर चढून आला होता. त्याचा चेहरा उजळला. "खाडीत बीज लागला गो! मांडवाचो एक बांबू पाण्यातच रवलेलो, तो बघलंय, तर सगळ्यावर बारकी बारकी कालवां. तांदळाएवढी. वास पण गेलो पाण्याचो. पुढल्या वर्षी..."

बोलता बोलता तो थांबला. पाणी कशामुळे साफ झालं ते त्याच्या आता ध्यानात आलं. भांडं त्याने खाली ठेवलं आणि मान वळवली.

सासूबाईंचा हात सुपात थांबला. "काय लागला म्हणता तो?"

"कालवांचां बीज, आई," हर्षला म्हणाली. "खाडीत परत लागला."

"पाणी साफ झाला?"

"हो."

"भिंतीचो करंट बंद झालो म्हणान?"

हर्षलाला खोटं बोलता आलं असतं. पावसाने धुऊन गेलं म्हणता आलं असतं. "हो, आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग आणखी एक.

"बरा झाला," त्या म्हणाल्या. त्यांनी सूप एकदा पाखडलं. "कोणाचां तरी बरा झाला." आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, गुरुनाथकडे वळून म्हणाल्या, "बस रे बाबा. चाय टाकतंय."

हर्षला खोलीच्या मागे गेली. तिथून डोंगराची उतरण दिसे आणि खाली, झाडांमधून, खाडीची एक पट्टी. बातमी ऐकताच तिला आनंद झाला होता. पुरता, कोवळा आनंद, लहानपणी बांबूवर पहिलं बीज दिसलं की होई तसाच. विश्राम गेल्यानंतर तिला पहिल्यांदा कशाचा तरी आनंद झाला होता, आणि तोच तिला सोसवेना. ती कातळावर बसली आणि तोंडात पदर धरून रडली. विश्राम गेला त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती.

"हर्षला," आतून सासूबाईंची हाक आली. "चाय निवता गो."

तिने डोळे पुसले आणि ती आत गेली.